‘ग्राही’, ‘ग्राहक’ की ‘संवेदक’?

‘ताणाच्या संप्रेरकांचे ग्राहक नवजात पिल्लांच्या झोपेवर परिणाम करतात’ हे वाक्य पाठवून एका वाचकाने ‘ग्राहक’ऐवजी ‘संवेदक’ चालेल का, असे विचारले आहे. मूळ इंग्रजी शब्द ‘रिसेप्टर’, म्हणजे संप्रेरकाला (हार्मोनला) धरणारे पेशीतले प्रथिन. माझ्या मते दोन्ही शब्द टाळून ‘ग्राही’ वापरावा. ‘ग्राहक’ या शब्दाला आज गिऱ्हाइकाचा अर्थ इतका घट्ट चिकटला आहे की वाचक क्षणभर अडखळतोच; आणि ‘संवेदक’ म्हणजे तापमान वा दाब टिपणारे साधन, तर पेशीतले हे प्रथिन नुसती नोंद घेऊन थांबत नाही, ते संप्रेरकाला धरते आणि पेशीचे काम बदलते. ‘गुणग्राही’, ‘सारग्राही’ या शब्दांमुळे ‘ग्राही’ परका वाटत नाही.

मात्र शब्दाहूनही ‘ग्राहक परिणाम करतात’ ही रचना मला अधिक खटकते. उंदरांच्या मेंदूत कॉर्टिकोस्टेरॉन या ताणाच्या संप्रेरकाचे दोन प्रकारचे ग्राही असतात. त्यांपैकी एक या संप्रेरकाला दुसऱ्यापेक्षा सुमारे दहापट घट्ट धरतो, म्हणून शांत अवस्थेतील अल्प प्रमाणानेही तो बराचसा व्यापला जातो. दुसरा मात्र ताणामुळे संप्रेरक वाढल्यावरच मोठ्या प्रमाणात कामाला लागतो. एकच रेणू, पण परिणाम ग्राहीनुसार वेगळा. रॅट जातीच्या पिल्लांमध्ये तर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत किरकोळ ताणाने हे संप्रेरक फारसे वाढतच नाही, पण आईला दिवसभर दूर ठेवले की ही शांतता मोडते. याच वयात पिल्लाचा बराच वेळ सक्रिय झोपेत जातो. मिटल्या डोळ्यांनी निजलेल्या पिल्लाचे पाय आणि मिशा सारख्या फडफडत असतात. ताणाची साखळी मेंदूत सुरू करणारे सीआरएच हे संप्रेरक प्रौढ उंदरांच्या मेंदूत टोचले असता जाग वाढते, आणि त्याचे ग्राही अडवले असता जाग कमी होते.

म्हणजे ग्राही स्वतःहून काही करत नाही. करणारे संप्रेरक, आणि ग्राही हे त्याचे माध्यम. म्हणून वाक्य असे लिहावे: ‘ताणाची संप्रेरके आपापल्या ग्राहींमार्फत नवजात पिल्लांच्या झोपेवर परिणाम करतात.’ समासात मात्र ‘प्राणिसंग्रहालय’, ‘पक्षिमित्र’ यांप्रमाणे ऱ्हस्व इकार येईल: ‘ग्राहिरोधक’.