लेकीला बास्केटबॉल कोच व्हायचंय: एडिसनहून आलेल्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक न्यू जर्सीतच जन्मली, वाढली. डिव्हिजन थ्री, म्हणजे अमेरिकी कॉलेज खेळांच्या तीन स्तरांतल्या तिसऱ्या स्तराच्या कॉलेजातून बास्केटबॉल खेळली आणि गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे शेवटचा हंगाम तिने बाकावर, कोचच्या शेजारी बसून काढला. आता मास्टर्स करता करता दुसऱ्या कॉलेजच्या महिला संघात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे फी-माफी आणि थोड्या पैशांच्या बदल्यात कोचच्या हाताखाली काम करणारी विद्यार्थिनी, व्हायची संधी आली आहे. तुम्ही विचारलंय, “एवढं शिकून पोरींना बॉल टाकायला शिकवायचं का? आणि त्यात पोट भरेल का?”

आधी पोटाचं बोलते, कारण ती काळजी रास्त आहे. डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तराच्या मोठ्या संघात असिस्टंट कोचचा पगार वर्षाला सहा आकडी डॉलरमध्ये जातो. छोट्या कॉलेजात हीच नोकरी अर्धवेळही असते. करार बहुधा वर्षा-दोन वर्षांचे. मुख्य कोच बदलला की नवा कोच आपली माणसं घेऊन येतो आणि जुन्या असिस्टंटना गाशा गुंडाळावा लागतो. तुमच्या शेजारच्या रटगर्स विद्यापीठातून खेळलेल्या ख्रिस डेली 1985 पासून कनेटिकट विद्यापीठाच्या महिला संघात मुख्य कोच जीनो ऑरिएमा यांच्या हाताखाली आहेत आणि 2025 पर्यंत त्या संघाने 12 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पण इतकी वर्षं एकाच जागी राहायला मिळणं फार दुर्मीळ. नील आयव्ही यांची वाट जास्त ओळखीची: नोत्र दाम विद्यापीठात 2007 पासून 12 वर्षं असिस्टंट, मग एक हंगाम एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये, आणि 2020 मध्ये नोत्र दामच्याच मुख्य कोच.

आता “बॉल टाकायला शिकवणं”. ताई, या नोकरीचा मोठा हिस्सा कोर्टच्या बाहेर असतो, आणि त्याचं नाव रिक्रूटिंग, म्हणजे शाळेतल्या चांगल्या खेळाडू हेरून त्यांना आपल्या कॉलेजात आणणं. 2023 पासून डिव्हिजन वनच्या संघाला पाच असिस्टंट ठेवता येतात, पण खेळाडू शोधायला कॅम्पसबाहेर जायची मुभा त्यांच्यातल्या तिघांनाच. म्हणून ज्याला खेळाडू आणता येतात, त्याला मागणी असते. जुलैत क्लब संघांच्या स्पर्धा भरतात, एकाच छताखाली ओळीने कोर्ट. कॉलेजचा शर्ट घालून हे कोच सकाळपासून रात्रीपर्यंत कडेला बसतात. त्या दिवसांत नुसतं पाहायचं, मुलीशी किंवा तिच्या आईवडिलांशी तिथे बोलायचं नाही, असा कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेचा नियम आहे. मग पाहायचं काय? शॉट हुकल्यावर ती बचावाला धावत परत येते का, बदली करून बाहेर बसवल्यावर चेहरा कसा असतो, टाइमआउटमध्ये कोचकडे पाहते की प्रेक्षकांकडे. बाकावर बसून काढलेल्या हंगामात तुमच्या लेकीने हेच पाहिलं असणार. तिला एकदा विचारा, ती तासभर बोलेल.

हे काम अलीकडे जड झालंय, तेही सांगते. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी आली, 2021 पासून खेळाडूंना वर्षभर बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं. त्याच वर्षी खेळाडूंना जाहिरातींसारख्या कामांत स्वतःचं नाव आणि प्रतिमा वापरू देऊन पैसे घ्यायची परवानगी मिळाली आणि 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. त्यामुळे हंगाम संपला की स्वतःच्याच खेळाडूंना राहण्यासाठी पुन्हा मनवावं लागतं. वसंत ऋतू सगळा फोनवर जातो. लग्नकार्यं, दिवाळी चुकेल. नोव्हेंबर ते मार्च ती तुमच्या वाट्याला फारशी येणार नाही.

तरी माझं मत: जाऊ द्या. दोन वर्षांत पदवी हातात येईल आणि हे आयुष्य तिला मानवतं का, तेही कळेल. मात्र होकार देण्याआधी तिने काही गोष्टी लेखी घ्याव्यात. फी पूर्ण माफ की अर्धी? दरमहा किती मिळणार, आरोग्य विमा कोणाचा? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम काय देणार? सामन्यांचे व्हिडिओ कापणं, प्रतिस्पर्ध्याचा खेळ अभ्यासून त्याचा स्काउटिंग रिपोर्ट लिहिणं, भेटीला आलेल्या मुलींना कॅम्पस दाखवणं, हे मिळालं तर शिकणं होईल. नुसतेच टॉवेल आणि बसचं बुकिंग असेल, तर दुसरीकडे पाहावं. त्या कोचकडे आधी काम केलेले असिस्टंट आज कुठे आहेत, हेही तिने शोधावं. फायनल फोरच्या, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या सामन्यांच्या, जोडीने महिला बास्केटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं. तिथे नव्याने कोच होऊ पाहणाऱ्या खेळाडूंसाठी वेगळा कार्यक्रम असतो, त्याची चौकशी तिने आत्ताच करावी.

आणि एक तुमच्यासाठी. उद्या असिस्टंट कोच म्हणून तिला कुणाच्या तरी घरी जाऊन एका आईला पटवावं लागेल की तुमची मुलगी चार वर्षं आमच्याकडे सुखरूप राहील, शिकेल. ती आई तुमच्यासारखेच प्रश्न विचारेल: पैसे, अभ्यास, दुखापत झाली तर काय. तेव्हा या रविवारी तिला समोर बसवा, चहा करा आणि मला लिहिलेले सगळे प्रश्न तिलाच विचारा. मध्ये बोलू नका. ती कशी उत्तरं देते, ते मला जरूर कळवा.