विश्वास माझा स्वतःचा आहे की फक्त घरातून आलेला, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की घरात तीन पिढ्या ख्रिस्ती आहेत, तुम्ही शिकायला पुण्यात आहात आणि हल्ली उपासनेला बसलं की आपण फक्त आजोबांची सवय पुढे चालवतोय असं वाटतं. मी नंदुरबारचा. तुमच्या वयात हेच डोक्यात घेऊन फिरायचो. पाळक (पास्टर) वगैरे नाही मी, त्यामुळे माझं काय झालं तेवढंच सांगतो.

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे गावच्या चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांना मी हे विचारलं होतं. असले प्रश्न सैतान डोक्यात घालतो, म्हणाले. झालं, दोन वर्षं मी चर्चची पायरी चढलो नाही. मग पुण्यात एका फेलोशिपला, म्हणजे नव्या पद्धतीच्या प्रार्थनासभेला, जायला लागलो. गिटार, ड्रम, पडद्यावर हिंदी गाणी. छान वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण सोमवारी मेसच्या रांगेत उभा राहिलो की पुन्हा होतो तिथेच.

आजोबा गेल्यावर त्यांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, माझ्याकडे आलं. पुठ्ठा सुटलेला, सुतळीनं बांधलेलं. एकदा सहज चाळताना तेराव्या स्तोत्राच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं : '१९७२. बैल विकले.' एवढंच. ते स्तोत्र 'परमेश्वरा, कुठवर?' असं विचारतच सुरू होतं. मी खूप वेळ ते पान उघडं ठेवून बसलो. ज्यांच्या विश्वासाला कधी तडा गेला नसेल असं मी धरून चाललो होतो, त्यांनी दुष्काळात, दावणीला बैल नसताना, नेमकं तेच पान काढलं होतं. हे घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. आपल्याला वारशात उत्तरं मिळतात, ती ज्यातून आली ते प्रश्न मात्र ट्रंकेत राहतात.

आपल्याकडे पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनरी आले, म्हणून कॉलेजात 'गोऱ्यांचा धर्म' हे ऐकावं लागतं. तुम्हीही ऐकलं असेल. पण 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडून बघा, कितीतरी गीतं कवी ना. वा. टिळकांची आहेत. टिळकांना रेल्वेत एका गोऱ्या माणसानं नवा करार दिला हे खरं, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जास्त जवळच्या वाटतात. नवऱ्यानं घेतला म्हणून त्यांनी घेतला नाही. वेगळ्या राहिल्या, नातेवाइकांकडे दिवस काढले, भांडल्या, रडल्या, आणि पाच वर्षांनी, १९०० साली, स्वतःला पटल्यावर घेतला. पाच वर्षं! आणि आपण एका सेमिस्टरमध्ये निकाल मागतो.

जुनी मंडळी की नवी फेलोशिप, हेही तुम्ही विचारलंय. मी दोन्हीकडे जातो. गाणी फेलोशिपची आवडतात. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, मला जुन्या मंडळीतलाच लागतो. त्याला कारण नाही. असलं तरी मला सांगता येणार नाही.

आमची आजी घरात अहिराणी बोलायची, पण प्रार्थना कायम शास्त्रातल्या मराठीत, 'हे स्वर्गीय पित्या' करून. शेवटच्या आजारपणात ती देवाशीही अहिराणीतच बोलायला लागली. मी तिला विचारलं होतं, देव ऐकतो हे तुला कसं कळतं? डोळे न उघडताच म्हणाली, "माले काय इचारस? त्याले इचार."

डिसेंबरात घरी जाल तेव्हा आजोबांशी बोला. नाताळच्या गडबडीत नको, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, सत्तावीस-अठ्ठावीसला बसा. विश्वास म्हणजे काय, असं विचारू नका, ते संडे स्कूलचं उत्तर देतील. कधी सोडून द्यावंसं वाटलं होतं का, तेवढं विचारा. आणि त्यांचं शास्त्र हातात घेऊन कडेकडेनं बघा.

सलाम.