'निएल्लो'चा निळ्याशी संबंध आहे का?

प्रश्न असा आहे: ब्रिटिश म्युझियममधल्या 'फुलर ब्रोच' या जुन्या चांदीच्या पिनेच्या माहितीत 'चांदी व निएल्लो' असं लिहिलेलं असतं. हा शब्द आपल्या 'नीळ'वरून गेला असेल का, आणि मराठीत त्याला 'मीनाकाम' म्हटलं तर चालेल का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे.

निएल्लो म्हणजे चांदीवरच्या कोरीव नक्षीत भरलेलं काळं. शब्द इटालियन आहे. तो आला लॅटिन 'निगेल्लुम'वरून आणि त्याच्या मुळाशी आहे 'निगेर', म्हणजे काळा. 'निगेल्लुम' हे त्याचं लघुत्वदर्शक रूप, आपल्या 'काळुंद्रा'च्या जवळपासचं. याच शब्दाचं एक भावंड आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे. कलौंजीचं शास्त्रीय नाव निगेला, तेही त्या काळ्या दाण्यांवरूनच पडलेलं.

मीना का नाही? मीना म्हणजे काच, धातूवर वितळवून बसवलेली. निएल्लोत काच नसते. चांदीवर नक्षी खोल कोरायची, त्या खोबणीत धातू आणि गंधक यांच्या संयुगाची काळी पूड भरायची, तापवायचं, मग कानशीने घासून चकाकी द्यायची. कोरलेलं तेवढं काळं उरतं. रोमन काळात बहुधा नुसतं चांदी आणि गंधकाचं संयुग वापरत. ते चटकन पाण्यासारखं वाहत नाही, म्हणून तापवून मऊ करून दाबून बसवावं लागे. पुढे त्यात तांबं आणि शिसं आलं. शिशामुळे ते कमी उष्णतेवर वितळून बारीक रेघांतही शिरू लागलं. सोळाव्या शतकातला सोनार चेल्लिनी प्रमाण देतो: एक भाग चांदी, दोन भाग तांबं, तीन भाग शिसं, शिवाय गंधक.

फुलर ब्रोच नवव्या शतकाच्या अखेरचा, पंचेंद्रियांची चित्रं असलेला. तो इतका सुस्थितीत होता की काही काळ बनावट समजला गेला. त्यातलं काळं जुन्या पद्धतीचं, नुसत्या चांदी-गंधकाचं निघालं, हा तो अस्सल असल्याच्या बाजूचा एक मोठा पुरावा ठरला. 1952 साली तो संग्रहालयाकडे आला.

आपल्या देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन काळं पडतं ना, ते हेच संयुग. आपण त्याला चिंच-रांगोळीने घासून घालवतो, तिकडे ते मुद्दाम भरत. बाजारातली काळपट चांदीची झुमकी 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून विकतात, तिथेही बहुतेकदा काम ऑक्सिजनचं नसून गंधकाचंच असतं. पण हे दुकानदाराला सांगायला जाऊ नये.

'मग बिदरी म्हणू या', असं कुणी सुचवेल. बिदरीत सगळं उलटं आहे. तिथे जमीन काळी आणि नक्षी चांदीची. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदी ठोकून बसवतात, मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर लावून जमीन काळी करतात. चांदीला धक्का लागत नाही.

इतर भाषांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. तुर्की 'सवात' अरबी 'सवाद'वरून, म्हणजे काळेपणा. सुदान या देशनामातही हेच शब्दमूळ आहे. रशियन 'चेर्न्'सुद्धा काळ्यावरूनच, आणि तो शब्द संस्कृत 'कृष्ण'चा लांबचा नातलग. थाई लोक मात्र या कामाला 'थोम' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ भरणे असा आहे. नाव रंगावरून नाही, क्रियेवरून.

मला थाईंची वाट पटते, कारण मराठी कारागिरीतही 'भरणे' मुरलेलं आहे. भरतकाम त्यातूनच आलं. मी आधी 'काळभरण' असा शब्द जुळवला होता, पण तो ऐकून कुणाचे तरी दिवस भरलेत असं वाटतं. 'कृष्णभरण' सरकारी परिभाषेतला वाटतो. म्हणून लिहिताना पहिल्यांदा 'निएल्लो, म्हणजे चांदीत भरलेलं काळं' असं फोडून सांगावं आणि पुढे खुशाल 'काळं भरण' म्हणावं. दोन शब्द, मध्ये जागा सोडून.