लो-कार्ब आहारात साखर सुधारली, तरी कॅल्शियम स्कोअर १४० कसा?

वाशीला केलेल्या सीटी स्कॅनमधील हा आकडा हृदयाच्या धमन्यांत अनेक वर्षे साचलेले कॅल्शियम दाखवतो. त्यामुळे भात-पोळी सोडल्यानंतरच्या सहा महिन्यांचा तो निकाल नव्हे, आणि आहार सुधारला म्हणून तो सहसा उतरतही नाही. १०० च्या पुढचा स्कोअर मध्यम, तर ४०० च्या पुढचा गंभीर मानतात. धमन्यांतील चरबीचे मऊ थर मात्र त्यात मोजले जात नाहीत.

मला खरी काळजी आपल्या १९० एलडीएलची (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलची) वाटते, कारण तूप, चीज आणि नारळाचे वाटण वाढवल्यावर काहींचे एलडीएल बरेच चढते, आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) उत्तम आल्याने तो धोका पुसला जात नाही. तुपाऐवजी शेंगदाणा तेल आणि बांगडा घेऊनही कर्बोदके कमी ठेवता येतात. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाबाबत हृदयरोगतज्ज्ञांना लवकर भेटा. त्या औषधाने थर टणक होऊन स्कोअर थोडा वाढला, तरी ते स्वतःहून बंद करू नका.