‘ठेव, मी बघतो’

“टीमला काम दिलं की बिघडतं, मग रात्री बसून मलाच निस्तरावं लागतं.” नव्याने मॅनेजर झालेले बरेच जण हीच तक्रार घेऊन ठाण्यात नौपाड्याला माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. हाही त्यातलाच. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) ऐरोलीतली आयटी कंपनी, 7 जणांची टीम, बढतीला सहा महिने. लोकलने ऐरोली ते ठाणे, मधे एकच स्टेशन, दिघा गाव. तेवढ्यात पाच फोन आले म्हणाला.

म्हटलं, आठवडाभर एकच करा. ‘ठेव, मी बघतो’ असं तोंडून निघालं की डायरीत रेघ मारायची आणि समोर कोण होतं ते लिहायचं.

शनिवारी 23 रेघा घेऊन आला. त्यातल्या 14 एकाच नावापुढे, तेही टीममधल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या! त्यांचे साधे मेलसुद्धा हा तपासून पाठवायचा. नुकत्याच लागलेल्या मुलीपुढे मात्र एकच रेघ. तिला म्हणे, “मी माझा शिकलो, तूही शिकशील.”

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञांनी 1969 मध्ये मांडलेली कल्पना मी अशा वेळी सांगते. नवख्याला काय, कसं, कधीपर्यंत ते नेमकं सांगा. हात बसेल तसं सांगणं कमी करा. कसलेल्यावर काम सोपवून बाजूला व्हा. माणूस तोच असला तरी काम बदललं की पायरी बदलते, कोडिंगमधला मुरलेला क्लायंट कॉलला नवखा असू शकतो. या कल्पनेवर टीका बरीच झाली आहे. पण याचा कारभार नेमका उलटा चालला होता, ते या कल्पनेमुळेच त्याला दिसलं.

“बढती त्या सिनियरना मिळणार असं सगळे धरून चालले होते,” तो म्हणाला. मग बराच वेळ गप्प. “ते चुकले की मला बरं वाटतं, मॅडम.”

मी त्यावर काही बोलले नाही.

ठरलं ते थोडकंच. मुलीबरोबर रोज सकाळी 20 मिनिटं. पुढचा रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढणं, पूर्णपणे त्या सिनियरकडे; विचारपूस फक्त बुधवारी, आणि ती बुधवारीच हे त्यांना आधी सांगायचं.

रिलीजमध्ये चूक निघालीच. त्यांनीच ती दुरुस्त केली आणि नंतर कळवलं.

“तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

“तलावपाळीला चक्कर मारत होतो. फोन घरी ठेवून.” मग हसला. “दोनदा खिसा चाचपला.”