एमआरसीपीत पित्तनलिका अरुंद दिसली, तर ते साधं आकुंचन की कॅन्सर हे ओळखता येतं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना कावीळ झाली, एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये, पित्तनलिकेत (यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत) स्ट्रिक्चर, म्हणजे अरुंद झालेला भाग, निघालं आणि रिपोर्टच्या शेवटी 'इनडिटरमिनेट', म्हणजे नक्की सांगता येत नाही, असा शेरा आहे. एवढा मोठा स्कॅन करून साधं की कॅन्सर एवढंही सांगता येत नाही का, असा तुमचा प्रश्न.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, हा शेरा मीही लिहितो. तो टाळाटाळीचा वाटतो हे मान्य, पण बऱ्याचदा तोच प्रामाणिक असतो.

एमआरसीपीत पित्त पांढरंशुभ्र दिसतं आणि आजूबाजूचं जवळपास सगळं काळं. पानं झडलेल्या झाडासारखं चित्र: वर यकृतातल्या फांद्या, खाली खोड. स्ट्रिक्चरपाशी ही पांढरी रेघ तुटते, आणि आमचं सगळं लक्ष ती कशी तुटते याकडे असतं. दोन्ही बाजूंनी सारखीच, गुळगुळीत, हळूहळू निमुळती होत गेली असेल तर साध्या आकुंचनाकडे कल जातो. पित्ताशयाच्या ऑपरेशनात झालेली इजा किंवा स्वादुपिंडाचा जुनाट दाह ही त्याची नेहमीची कारणं. सुरीने कापावी तशी एकदम थांबली, कड एका बाजूने खडबडीत असली, अरुंद भाग लांब असला, तर शंका येते.

पण या चित्रात दिसतं ते फक्त पित्त. नळीची भिंत बघायला कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उजळणारं, शिरेतून दिलेलं औषध) देऊन केलेला एमआरआय किंवा सीटी लागतो. भिंत 3 मिलिमीटरपेक्षा जाड आहे का, ती यकृतापेक्षा जास्त उजळते का, आणि कॉन्ट्रास्ट देऊन काही मिनिटं झाली तरी तो तिथेच रेंगाळतो का, हे त्यात कळतं. पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये तंतुमय भाग पुष्कळ असतो, म्हणून तो उशिरा उजळतो आणि उजळलेला राहतो. शेजारच्या लसीका ग्रंथी आणि रक्तवाहिन्याही त्यातच तपासता येतात.

तरीही फसायला होतं. एका रुग्णाची जाड, लांब, उजळलेली भिंत बघून मी जवळजवळ खात्रीने कॅन्सर लिहिला होता. निघाला आयजीजी4चा आजार, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच केलेला दाह. स्टेरॉइड सुरू केल्यावर नळी मोकळी झाली. मागाहून तेच फोटो पुन्हा उघडले, तर स्वादुपिंड सॉसेजसारखं सुजलेलं, भोवती पातळशी कड. माझी नजर नळीवरून हललीच नव्हती. तेव्हापासून मी नळी सगळ्यात शेवटी बघतो.

उलटंही होतं. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिसमध्ये, म्हणजे पित्तनलिकांच्या एका जुनाट दाहाच्या आजारात, नळ्या आधीच मण्यांच्या माळेसारख्या आकुंचलेल्या असतात, त्यात कॅन्सर बेमालूम लपतो. पेट स्कॅनने प्रश्न सुटेल असं अनेकांना वाटतं, पण दाहसुद्धा त्यात उजळतो. सीए 19-9 या कॅन्सरसाठीच्या रक्तचाचणीचंही तसंच. नळी तुंबली किंवा तिथे जंतुसंसर्ग झाला तर कॅन्सर नसतानाही तो वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो जन्मतःच तयार होत नाही.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात आधी विचारायचंय ते हे: स्कॅन स्टेंट (पित्तनलिका मोकळी ठेवायला आत बसवतात ती बारीक नळी) टाकायच्या आधीचा आहे की नंतरचा? स्टेंटने फुगलेल्या नळ्या बसतात, भिंत सुजते, उजळते, आणि मग सूज कुठली नि गाठ कुठली हे वेगळं करणं फार कठीण जातं. अजून स्टेंट पडला नसेल आणि ताप-थंडी नसेल, तर कॉन्ट्रास्टचा स्कॅन आधी उरकता येईल का हे डॉक्टरांना विचारा. ताप असेल तर मात्र स्कॅनसाठी थांबू नका, नळी आधी मोकळी व्हायला हवी.

पुढचा टप्पा बहुतेक ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचून, ब्रशने पेशी घेण्याचा असेल. त्यात कॅन्सर आला तर तो जवळपास पक्का समजतात. नाही आला तर 'सुटलो' म्हणू नका, ब्रशच्या हाती अनेकदा कॅन्सरच्या पेशी लागतच नाहीत. मग एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी) किंवा कोलॅन्जिओस्कोपीने, म्हणजे नळीत बारीक कॅमेरा घालून, नेमका तुकडा घेतात. त्याआधी रक्तात आयजीजी4 तपासलंय का, तेही विचारा. आणि दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, स्कॅनची सीडी न्या. जुना सीटी असेल तर तोही.