बॉनेटवर खडी लागून रंगाचे टवके उडालेत, घरी दुरुस्त करता येतात का?

हो, येतात. आणि तुमच्या बाबतीत तर घरीच करा. तुम्ही लिहिलंय की गाडी दोन वर्षांची आहे, लातूर-अहमदपूर रोजचं येणं-जाणं आहे, बॉनेटच्या पुढच्या कडेला सात-आठ टवके उडालेत आणि वर्कशॉपवाले अख्खं बॉनेट रंगवून घ्या म्हणतात. माझं ऐकाल तर बॉनेट रंगवू देऊ नका.

कारखान्यात गाडीची नुसती पत्र्याची बॉडी टाकीत बुडवून, विजेच्या साहाय्याने रंगाचा पहिला थर बसवतात आणि तो साधारण १६० ते १८० अंशांच्या भट्टीत भाजतात. त्या वेळी गाडीला वायर नसते, काच नसते, प्लॅस्टिक नसतं, म्हणून एवढी उष्णता देता येते. तयार गाडी पेंटरकडे गेली की चांगल्या बूथमध्येसुद्धा (रंगकामाच्या बंद खोलीत) ६०-७० अंशांच्या वर नेता येत नाही, आणि आपल्याकडचे कितीतरी पेंटर तर पत्र्याच्या शेडखालीच रंग मारतात. कंपनीचा तो रंग एकदा घासून काढला की पुन्हा मिळत नाही. शिवाय रस्ता तोच, खडी तीच. नवीन रंगालाही टवके उडणारच, आणि थर जाड बसला असेल तर पापुद्रा आणखी मोठा निघतो.

विम्यातून करून घ्यायचा विचार असेल तर एवढंच बघा: क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षाला २० टक्के असतो आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. वर अनिवार्य कपातीचे, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये विमा कंपनी देत नाही ते, हजार-दोन हजार खिशातूनच. टवक्यांसाठी हे परवडत नाही.

आता मूळ काम. टवका लपवणं हे दुय्यम आहे, पत्र्यापर्यंत हवा-पाणी जाऊ न देणं हे खरं काम. म्हणून आधी गाडी धुऊन, सावलीत उभी करून प्रत्येक टवका मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून बघा. आत राखाडी किंवा फिकट रंग दिसला तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, शाबूत आहे, घाई नाही. चकचकीत पत्रा दिसला तर या आठवड्यातच उरका. तपकिरी ठिपका दिसला तर गंज सुरू झालाय. बंपरवरच्या टवक्यांची चिंता करू नका, तो प्लॅस्टिकचा असतो, गंजत नाही. तिथलं काम फक्त दिसण्यापुरतं.

गंज असेल तर तो पूर्ण काढल्याशिवाय रंगाचा थेंबही टाकायचा नाही, नाहीतर आतल्या आत पसरतो आणि वर्षभरात वरचा रंग फुगून येतो. पोती शिवायच्या दाभणाचं टोक यासाठी फार कामाचं. टवक्याच्या आतच हलक्या हाताने खरवडा, पत्रा स्वच्छ दिसेपर्यंत. सुटलेल्या रंगाची कडा असेल तर तीही तेवढ्यातच काढून घ्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्याला लावून पुसा. पेट्रोलने पुसू नका, तेलकट थर मागे राहतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर टवक्यात क्षार वाळलेले असतात, तेही या पुसण्यात निघाले पाहिजेत.

रंग मात्र अंदाजाने आणू नका. गाडीचा कलर कोड ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेला असतो. तो कोड सांगून कंपनीच्या पार्टच्या दुकानातून टचअपची बाटली घ्या, नाहीतर गाड्यांच्या रंगाचं मिक्सिंग करून देणाऱ्या दुकानातून थोडासा रंग बनवून घ्या. उघडा पत्रा दिसत असेल तर रंगाच्या आधी लावायला एपॉक्सी प्रायमरही लागेल. गेटला मारतात तो रेड ऑक्साईड इथे वापरू नका. तो सावकाश वाळतो आणि त्यावर थिनरवाला रंग पडला की सुरकुत्या येतात.

लावताना बाटलीच्या झाकणाला आलेला ब्रश बाजूला ठेवा, तो फार जाड असतो. टूथपिक घ्या किंवा चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश. बाटली चांगली दोन मिनिटं हलवा. टोकावर अगदी छोटा थेंब घ्या आणि टवक्याच्या मध्यभागी नुसता टेकवा, ओढू नका. रंग आपोआप कडेपर्यंत पसरतो आणि कडेला जाऊन थांबतो. तो थांबला की हात काढून घ्यायचा. पहिल्यांदा भरल्यासारखं वाटतं, पण अर्ध्या तासाने बघाल तर थिनर उडून रंग खाली बसलेला असतो, मध्ये खळगा दिसतो. म्हणून एकदाच थबकन भरायचं नाही. पातळ थर, वाळू द्या, पुन्हा थर, असं तीन-चार वेळा. रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली असतानाच थांबा आणि उरलेली जागा क्लिअर लॅकरने, म्हणजे वरच्या पारदर्शक थराने, भरा. टवक्याच्या बाहेर चांगल्या रंगावर काहीही जाऊ द्यायचं नाही, सगळं कौशल्य यातच आहे. गेलंच तर ओलं असतानाच अल्कोहोलच्या बोळ्याने टिपून घ्या.

वेळ आणि ऋतू यांना आपल्याकडे फार महत्त्व आहे. एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटला हात लावता येत नाही. तशा पत्र्यावर रंग पसरायच्या आतच वरून सुकतो आणि खाली बुडबुडे राहतात. पावसाळ्यात दमट हवेने लॅकरवर पांढुरकी छटा येते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम, सकाळचं दव वाळल्यावर, सावलीत, वारा नसताना. पण पत्रा उघडा पडला असेल तर दिवाळीची वाट बघू नका. उन्हाळ्यात संध्याकाळी गाडी गार झाल्यावर करा, पावसाळ्यात उघाडीच्या दिवशी.

टवक्यावर थोडा उंचवटा राहिला तर लोक लगेच २००० नंबरचा वॉटर पेपर घेऊन घासायला बसतात. माझा सल्ला, घासू नका. वरचा क्लिअरचा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) असतो आणि सगळ्या थरांची मिळून जाडी १००-१२० मायक्रॉनच्या आसपास. नवख्या हाताला तो थर कधी संपला ते कळतसुद्धा नाही. अगदीच खुपत असेल तर निदान आठवडाभर थांबा, खोडरबराच्या छोट्या तुकड्याला पेपर गुंडाळा, साबणाच्या पाण्यात भिजवा, फक्त उंचवट्यावरच फिरवा आणि मग कंपाउंडने (पॉलिशच्या पेस्टने) चमक आणा. वॅक्स महिनाभराने.

पुढचे टवके कमी व्हावेत म्हणून एक गोष्ट नक्की करा, डंपरच्या मागे राहू नका. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, क्रशरमधून निघालेली, कडा धारदार. वेग ताशी ६० वरून ९० केला की त्याच खड्याचा ठोका दीडपट नाही, सव्वादोन पट होतो. सिरॅमिक कोटिंग करून घ्या असंही कोणी सांगेल. त्याने चमक टिकते, धुणं सोपं होतं, पण तो थर इतका पातळ असतो की खडी त्याला जुमानत नाही. खडीला अडवते ती पीपीएफ, म्हणजे पारदर्शक जाड फिल्म. ती महाग आहे, पण पूर्ण गाडीला लावायची गरज नाही. बॉनेटची पुढची पट्टी आणि बंपर एवढं झाकलं तरी तुमच्या रस्त्याला पुरे. टवके भरून, रंग पक्का झाल्यावरच लावा.

पेंटरकडे जायचं ते टवका ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठा असेल, आजूबाजूचा रंग नखाने सुटत असेल किंवा रंगाखाली फुगवटा आला असेल तरच. समोरच्या काचेला खड्याचा डाग असेल तर हा रंगकामाचा विषय नाही, ती काच तडकायच्या आत रेझिन भरून घ्या.

गाडीचा रंग कोणता ते तुम्ही लिहिलं नाही. पांढरी असेल तर भरलेला टवका दोन फुटांवरून शोधावा लागेल. सिल्व्हर किंवा दुसरा मेटॅलिक रंग असेल तर कोड बरोबर असूनही ठिपका थोडा गडद दिसेल, कारण टेकवलेल्या थेंबात चमकीचे कण स्प्रेसारखे सपाट बसत नाहीत. त्यात तुमची चूक नसेल, गंज थांबलेला असेल. रंग कळवा, म्हणजे किती थर द्यायचे ते नेमकं सांगतो.